गंजलेली जुनी पिकअप घरच्या खळ्यात पुन्हा उभी करताना

हर्णै, गुहागर, देवगड, मालवण या पट्ट्यात जुन्या पिकअपवर झकास रंग चढतो आणि दुसऱ्याच पावसाळ्यात मडगार्डावर फुगे येतात. दोष पेंटरच्या माथी जातो. पेंटर बहुतेक वेळा निर्दोष असतो, कारण रंगाखाली मीठ राहिलेलं असतं. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या आसपास गेली की साधं मीठ हवेतलं पाणी ओढून आपोआप विरघळतं. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असतं आणि ते तर ३३ टक्क्यांनाच ओलं होतं. किनाऱ्यावरची हवा इतकी कोरडी क्वचितच होते. त्यामुळे पत्र्याच्या खड्ड्यांत मीठ अडकलं की तो पत्रा बारा महिने आतून ओला राहतो. घासा, प्रायमर मारा, रंग द्या, ही पुण्या-नाशकाकडची रीत इथे तशीच्या तशी चालत नाही. इथे आधी मीठ धुवायचं, मग गंज काढायचा आणि उघडा पडलेला पत्रा त्याच दिवशी झाकायचा. पुढची सगळी कामं याच क्रमाने येतात.

इथे मुख्यतः साठ ते ऐंशीच्या दशकातली महिंद्रची जीपच्या तोंडवळ्याची पिकअप डोळ्यासमोर धरली आहे. तिची चासी वेगळी, केबिन वेगळी, मागचा हौदा वेगळा. सगळं बोल्टने जोडलेलं आणि सुटं होणारं, त्यामुळे नवख्याला शिकायला ही गाडी सोपी. मॅटाडोर किंवा सुरुवातीची टाटाची पिकअप असेल तर पत्राकाम आणि रंगकाम असंच करायचं, इंजिनचे आकडे मात्र त्या गाडीच्या पुस्तकातून घ्यायचे.

घेण्याआधी

पहिला प्रश्न: गाडीने आयुष्यभर काय वाहिलं? मिरकरवाड्याच्या किंवा हर्णैच्या बंदरावर मासळी वाहिलेल्या गाडीच्या हौद्यातून वर्षानुवर्षं बर्फाचं खारट पाणी चासीवर गळलेलं असतं. जांभ्याचे चिरे वाहिलेल्या गाडीचे पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) बसलेले, स्प्रिंगचे हँगर तडकलेले आणि कधीकधी चासी किंचित वाकलेली सापडते, पण तिच्यात मीठ कमी असतं. दोन्ही एका किमतीला मिळत असतील तर चिऱ्यांची घ्या. वाकलेलं दिसतं, मोजता येतं, सरळही करता येतं. पोकळीत मुरलेलं मीठ दिसतही नाही.

जाताना लहान हातोडा, पेचकस, चुंबक आणि टॉर्च न्या. हातोड्याने चासी टोकापासून टोकापर्यंत ठोकत जा. चांगलं लोखंड खणखणतं, पोखरलेलं बद्द वाजतं. मागच्या स्प्रिंग हँगरच्या आसपास, केबिन ज्या रबरांवर बसते त्या जागी, बॅटरीच्या खाली आणि हौद्याच्या आडव्या पट्ट्यांत पेचकस दाबून बघा. आत घुसला तर ती जागा कापूनच काढावी लागेल. मडगार्डावर आणि दाराच्या खालच्या बाजूला चुंबक धरा. चिकटत नसेल तर तिथे पत्र्याऐवजी लांबीचा, म्हणजे पुटीचा, थर आहे. फ्लोअर सडलेला असला तरी घाबरू नका, तो नवा बसवणं सोपं. चासी मात्र दोनहून जास्त ठिकाणी पोखरलेली असेल तर पहिल्या कामासाठी ती गाडी सोडून द्या.

कागद आधी, पैसे नंतर. जुन्या हातलिखित आरसी पुस्तकाची नोंद संगणकावर चढली आहे का, कर थकला आहे का, गाडी मालवाहू म्हणून नोंदली आहे की खासगी, हे त्या गाडीच्या आरटीओत विचारा. रायगडसाठी पेण म्हणजे एमएच ०६, सिंधुदुर्ग ०७ आणि रत्नागिरी ०८. चासी नंबर पुस्तकाशी अंकागणिक जुळला पाहिजे. गंजाने तो पुसट झाला असेल तर त्या जागी ग्राइंडर अजिबात लावू नका. रॉकेल लावून पितळी ब्रशने हलकं साफ करा, फोटो काढा, वर पातळ कागद ठेवून पेन्सिलने ठसा उमटवा आणि ग्रीस लावून झाका. नंबर खरवडला गेला की उत्तम दुरुस्त झालेली गाडीही नोंदणीत अडकते. इंजिन बदलायचं किंवा रंग बदलायचा असेल तर त्याचीही नोंद आरसीवर लागते. इंजिन बदलण्याची परवानगी आधीच घ्यायची.

पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी केंद्राने जुलै २०२१ मध्ये व्हिंटेज नोंदणीचे नियम आणले. नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षं आणि नंबर प्लेटवर ‘व्हीए’ ही इंग्रजी अक्षरं. पण अशी गाडी रोजच्या किंवा धंद्याच्या वापरात आणता येत नाही आणि ती मूळ रूपात असावी लागते. मालवाहू म्हणून नोंदलेली पिकअप त्यात बसेलच असं गृहीत धरून खर्च करू नका. आंब्याच्या पेट्या न्यायच्या असतील तर नेहमीचं फिटनेस आणि पुनर्नोंदणी हाच रस्ता.

जागा आणि वेळापत्रक

वर छप्पर आणि दोन बाजू उघड्या अशी जागा सर्वांत चांगली. गाडीला ताडपत्रीत गुंडाळू नका, आतल्या बाजूला दव धरतं आणि उघड्यावर ठेवण्यापेक्षा जास्त नुकसान होतं. खाली माती किंवा शेणाने सारवलेलं खळं असेल तर जाड प्लॅस्टिक अंथरून त्यावर जुने प्लायचे तुकडे टाका. जमिनीची ओल चासीवर चढत नाही आणि पडलेला नट सापडतो.

चिऱ्यांवर गाडी चढवायची नाही, हे वेगळं सांगावं लागतं कारण अंगणात चिरे पडलेलेच असतात. जांभा एका ठिकाणी आलेल्या भाराने न सांगता फुटतो, सिमेंटचे ब्लॉकही तसेच. तीन टनी जॅक स्टँड चार घ्या, नाहीतर लाकडी स्लीपरचे तुकडे आडवे-उभे रचून त्याची घडवंची करा. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही जायचं नाही.

काम दसऱ्यानंतर सुरू करा. ऑक्टोबर-नोव्हेंबर धुणं आणि खोलणं, डिसेंबर चासी, जानेवारी पत्राकाम, फेब्रुवारी ते मार्चच्या मध्यापर्यंत रंग, एप्रिल-मे जोडणी. मृगाच्या आत, म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्यापूर्वी, उघडा पत्रा एक इंचही शिल्लक नको. फक्त रविवारी वेळ असेल तर दोन हंगाम धरा. पहिल्या हंगामात चासी पूर्ण करून पावसाळ्यात घरात बसून कार्ब्युरेटर, स्टार्टर, सीट अशी कामं करता येतात. पहिल्याच महिन्यात गाडीचा कण न् कण सुटा केला आणि मग पाऊस आला, तर पुढच्या दसऱ्याला भंगारवालाच दारात येतो.

मीठ धुणं

पाणी गोडं हवं. खाडीकाठच्या विहिरी एप्रिल-मेमध्ये मचूळ होतात. त्या पाण्याने धुतलेली गाडी म्हणजे मिठाचा आणखी एक हात. पाण्यातले क्षार मोजणारा टीडीएस पेन आणून आपल्या विहिरीचं पाणी तपासा. २०० च्या खाली असेल तर उत्तम. पावसात पन्हाळीचं पाणी पिंपात साठवून ठेवता आलं तर त्याच्यासारखं दुसरं नाही.

आधी माती आणि जुनं ग्रीस खरवडून काढा. मडगार्डाच्या आतल्या कडा आणि चासीचे कोपरे यांत चिकटलेली लाल माती ओल धरून ठेवते, तिच्याखालीच सगळ्यात खोल गंज असतो. मग साबणाच्या पाण्याने आणि प्रेशर वॉशरने धुवा. चासीच्या बंद पोकळीत पाईप घालून एका टोकाने पाणी सोडा, दुसऱ्या टोकाने बाहेर येणारं पाणी वाटीत धरा आणि टीडीएस पेन बुडवा. पहिल्या दिवशी आकडा हजारात असू शकतो. एक दिवस उन्हात वाळू द्या, पुन्हा धुवा, पुन्हा मोजा. बाहेर येणाऱ्या पाण्याचा आकडा आत सोडलेल्या पाण्यापेक्षा साधारण ५० ने जास्त इथपर्यंत उतरला की थांबा. मासळीच्या गाडीला चार-पाच वेळा धुवावं लागतं. कंटाळवाणं आहे, पण यात वाचवलेला दिवस पुढे दोन वर्षांनी वसूल होतो.

खोलणं

मोबाईलने फोटो काढा, एका बोल्टमागे एक असे. सुटे नट-बोल्ट जिथून काढले तिथेच परत हाताने अडकवून ठेवा किंवा डब्यावर नाव लिहा. वायरला कागदी चिठ्ठी टिकत नाही, चिकटपट्टीवर मार्करने आकडा लिहून गुंडाळा. उघडं राहिलेलं प्रत्येक नळीचं तोंड लगेच बुचाने किंवा चिंधीने बंद करा. कुंभारमाशी पेट्रोलच्या नळीत, ब्रेकच्या पाईपात मातीचं घर करते आणि सहा महिन्यांनी गाडी का चालू होत नाही याचा शोध घ्यायला अख्खा दिवस जातो.

जाम बोल्टसाठी अ‍ॅसिटोन आणि ट्रान्समिशन ऑइल निम्मं-निम्मं मिसळून बोल्टच्या बुडाशी सोडा आणि रात्रभर ठेवा. सकाळी आधी किंचित घट्ट करायच्या दिशेने पाना फिरवा, कट असा आवाज आला की उलट फिरवा. तरीही हलला नाही तर गॅस टॉर्चने नट गरम करून त्याच्या आट्यांना मेणबत्ती टेकवा, मेण वितळून आत ओढलं जातं. टॉर्च पेट्रोलच्या टाकीजवळ आणि ब्रेकच्या नळ्यांजवळ चालवायचा नाही. बोल्ट तुटलाच तर त्याच्या डोक्यावर मोठा नट वेल्ड करा. त्या उष्णतेनेच पकड सुटते.

एक जुनी खोड: जीपच्या डाव्या बाजूच्या चाकांचे नट अनेकदा उलट्या आट्यांचे असतात. स्टडच्या टोकावर इंग्रजी ‘एल’ कोरलेला असतो. हे माहीत नसलेला माणूस पान्यावर उभा राहून ते नट आणखी आवळतो आणि स्टड मोडतो.

इंजिन फिरतं का

रंगाच्या आधी हे बघा. वर्षानुवर्षं उभ्या असलेल्या इंजिनला बॅटरी लावून सेल्फ मारू नका. पेट्रोल इंजिनचे स्पार्क प्लग काढा, डिझेल असेल तर इंजेक्टर काढून घ्या. प्रत्येक सिलिंडरमध्ये अ‍ॅसिटोन आणि ऑइलचं तेच मिश्रण सुमारे ५० मिली सोडा आणि आठवडाभर थांबा. मग पुढच्या पुलीचा बोल्ट पान्याने धरून हळूहळू मागेपुढे हलवा. अर्धा इंच हलला तरी आशा आहे. रोज थोडं हलवत राहा. दुसऱ्या गाडीने ओढून जबरदस्ती केली तर कनेक्टिंग रॉड वाकतो. दोन आठवड्यांनीही ढिम्म राहिलं तर हेड खोला. सिलिंडर बोअर करायची वेळ आली तर घाट चढून कोल्हापूरच्या उद्यमनगरात काम चांगलं होतं. जुने सुटे भाग मुंबईत कुर्ल्याच्या आणि ऑपेरा हाउसच्या बाजारात शोधावे लागतात. जुना भाग हातात घेऊन जा, नावावर विसंबू नका.

जीपचं हरिकेन पेट्रोल इंजिन असेल तर हे आकडे गॅरेजच्या भिंतीवर लिहून ठेवा: फायरिंगचा क्रम १-३-४-२, डिस्ट्रिब्युटरच्या पॉइंटची फट ०.०२० इंच, प्लगची ०.०३० इंच. थंड इंजिनवर टॅपेटची (व्हॉल्व्हची) फट इनलेटला ०.०१८ आणि एक्झॉस्टला ०.०१६ इंच. या इंजिनचे इनलेट व्हॉल्व्ह हेडमध्ये आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये असतात, त्यामुळे एक्झॉस्टचे टॅपेट बाजूचं झाकण काढल्याशिवाय दिसतच नाहीत. वरचे चार लावून ‘झालं’ म्हणणारे बरेच भेटतील.

गंज काढणं

लहान भागांना, म्हणजे कंस, बिजागऱ्या, पेडल, ब्रेकची प्लेट यांना, विजेचं टब सगळ्यात सोयीचं. ५० लिटरच्या प्लॅस्टिक पिंपात पाणी घ्या आणि पाव किलो धुण्याचा सोडा विरघळवा. कडेने लोखंडी सळीचे चार-पाच तुकडे उभे करून एकमेकांना तारेने जोडा. भाग मध्ये टांगा, सळीला लागू देऊ नका. १२ व्होल्टच्या बॅटरी चार्जरची उणे तार भागाला, अधिक तार सळीला. उलट जोडलं तर गंज निघण्याऐवजी भागच विरघळतो, म्हणून दोनदा बघा. ५-६ अँपिअरवर आठ ते बारा तास पुरतात. टबातून हायड्रोजन वायू निघतो, त्यामुळे टब मोकळ्या हवेत ठेवा, जवळ विडी-काडी नको, आणि तारा हलवण्याआधी चार्जर बंद करा. सळीच्या जागी स्टेनलेस स्टील कधीही वापरू नका, त्यातून क्रोमियमचं विषारी संयुग पाण्यात उतरतं. पाणी ‘जोरदार’ करायला मीठ टाकणारेही असतात, त्यातून क्लोरीन निघतो आणि आपण धुऊन काढलेलं मीठ परत येतं. अ‍ॅल्युमिनियम आणि जस्ताचे भाग या टबात जाऊ नयेत, ते खाल्ले जातात. स्प्रिंग आणि कडक पोलादाचे बोल्टही नकोत, ते हायड्रोजनने ठिसूळ होतात.

वीज सारखी जाते तिथे उसाची मळी (मोलॅसिस) चालते. एक भाग मळी, नऊ भाग पाणी, दोन आठवडे. वास आणि मुंगळे दोन्ही सहन करायची तयारी असेल तरच घराजवळ ठेवा.

संडास साफ करायचं अ‍ॅसिड ओतून गंज काढायचा सल्ला हमखास मिळतो. गंज निघतो, झटपट निघतो. पण ते मिठाचंच आम्ल आहे, त्यातला क्लोराइड खड्ड्यांत राहतो आणि दुसऱ्या दिवशी पत्रा पिवळाधमक झालेला दिसतो. किनाऱ्याची वाळू आणून सँडब्लास्टिंग करणं त्याहून वाईट. त्या वाळूत मीठ असतंच, शिवाय उडणारी सिलिकाची धूळ फुप्फुसं कायमची निकामी करते. ब्लास्टिंग करायचंच असेल तर कॉपर स्लॅग किंवा गार्नेट वापरणाऱ्याकडे फक्त चासी आणि रिम न्या. दारं-बोनेट नेऊ नका, सपाट पत्रा तापून लाटेसारखा होतो.

मोठ्या पत्र्याला ग्राइंडरवर तारेचा कप ब्रश आणि ८० नंबरची फ्लॅप डिस्क. गॉगल, मास्क, पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट. ब्रशची सुटलेली तार शर्टातून आरपार जाते. दिवसाला तेवढाच भाग उघडा करा, ज्याला संध्याकाळच्या आत प्रायमर लागेल. साफ केलेल्या जागी गोड्या पाण्याचा हलका फवारा मारून तासभर बघा. खड्ड्यांच्या तळाशी तपकिरी ठिपके फुटले तर मीठ अजून आहे. धुवा, ब्रशने घासा, हीट गनने वाळवा, पुन्हा बघा. खड्ड्यांत उरलेल्या काळ्या गंजाला फॉस्फोरिक आम्लाचा कन्व्हर्टर लावता येतो, पण तो नंतर गोड्या पाण्याने पुसून नीट वाळवला नाही तर त्यावर इपॉक्सी धरत नाही.

पत्राकाम

सडलेला भाग चांगलं लोखंड लागेपर्यंत कापा. गंजाच्या कडेवर वेल्ड धरत नाही, भोकं मोठी होत जातात. फ्लोअरला १८ गेज म्हणजे १.२ मिमी सीआरसी (कोल्ड रोल्ड) पत्रा, दारांच्या बाहेरच्या बाजूला २० गेज. केबिनचा फ्लोअर नवा करायला आठ बाय चारच्या पत्र्याचा निम्मा भाग लागतो, पहिल्यांदा करणाऱ्याने पाऊण धरावा. आधी पुठ्ठ्याचा साचा कापून जागेवर बसवून बघा, मगच पत्र्याला कात्री लावा. छपराचा जस्ती पत्रा उरलेला असतो म्हणून तोच लावायचा मोह होतो. वेल्ड करताना निघणारा जस्ताचा धूर छातीत गेला की रात्री थंडी-ताप भरतो.

वेल्डिंगआधी बॅटरीची तार काढा. ०.८ मिमी तारेचं मिग मशीन भाड्याने मिळालं तर तेच वापरा. एका बाजूने सलग रेघ ओढायची नाही. एक टाका या टोकाला, एक त्या टोकाला, एक मध्ये, टाका बोटभरापेक्षा लांब नको, आणि पत्रा हाताला सोसेल इतका निवला की पुढचा. घाई केली की फ्लोअर पापडासारखा वर येतो. गावातल्या वेल्डरकडे आर्कच असेल तर त्याला २.५ मिमीचा रॉड आणि कमी करंट सांगा. गेट बनवायच्या जाड रॉडने पत्र्याला फक्त भोकं पडतात. पत्र्यावर पत्रा चढतो तिथे आतल्या बाजूंना वेल्डिंगआधी झिंक प्रायमर लावा आणि वेल्ड झाल्यावर सांधा पीयू (पॉलियुरेथेन) सीलंटने बुजवा. बाथरूमचं सिलिकॉन नको. त्यावर रंग बसत नाही आणि व्हिनेगरचा वास येणारं सिलिकॉन लोखंडाला गंज लावतं.

दाराच्या आणि दाराखालच्या पट्टीच्या तळाची पाणी निघायची भोकं सीलंटने किंवा रंगाने बुजली नाहीत ना, ते खिळ्याने बघा. कंपनीने ती मुद्दाम ठेवलेली असतात.

प्रायमर आणि रंग

रेडऑक्साइड हे गेटचं औषध आहे. साधा रेडऑक्साइड प्रायमर ओल आत घेतो आणि नुसता तोच मारून गाडी पावसाळाभर ठेवली तर खालून गंजते. उघड्या पत्र्यावर दोन डब्यांचा इपॉक्सी प्रायमर मारा, दोन हात, डब्यावर लिहिलेल्या प्रमाणात. पूर्ण गाडीला चार लिटरच्या आसपास लागतो. मारण्याआधी सगळ्या कडांना आणि बोल्टच्या भोकांना ब्रशने एक पट्टा द्या, कारण पातळ रंग धारदार कडेवरून मागे सरकतो आणि गंज तिथूनच सुरू होतो. लांबी इपॉक्सीच्या वर लावायची, उघड्या पत्र्यावर नाही. लांबी स्पंजसारखी ओल पिते. तीन मिलिमीटरपेक्षा जाड लागत असेल तर परत हातोडीकडे वळा.

वेळ निवडणं इथे निम्मं काम. रात्रीपासून सकाळपर्यंत जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा वाहतो, दुपारी खारा वारा फिरतो आणि मीठ घेऊन येतो. सकाळी लवकर पत्र्यावर दव असतं. म्हणून साडेनऊ-दहा ते साडेबारा एवढीच खिडकी. पत्र्याचं तापमान दवबिंदूपेक्षा किमान ३ अंशांनी जास्त हवं आणि आर्द्रता ८५ टक्क्यांच्या आत. स्वस्तातला आर्द्रतामापक टांगून ठेवा. दोन हातांमध्ये रात्र गेली असेल तर सकाळी ओल्या फडक्याने पुसा, वाळवा, हलकं घासा, मग दुसरा हात. रात्रीत बसलेलं मीठ दोन थरांच्या मध्ये राहिलं तर वरचा थर सोलून निघतो.

वरचा रंग कोणता? चमकेसाठी टू-के, म्हणजे रंग आणि हार्डनर अशा दोन डब्यांचा, पीयू सरस, पण त्याच्या हार्डनरमधलं आयसोसायनेट दम्याला आमंत्रण देतं आणि साध्या मास्कने अडत नाही. घरी करणाऱ्याने सिंथेटिक इनॅमल घ्यावं. चमक थोडी कमी, पण खरचटलं तर ब्रशने सांधता येतं आणि जुन्या पिकअपला तेच शोभतं. इनॅमलवर एनसी (नायट्रोसेल्युलोज) पुटी किंवा एनसी थिनरचा रंग कधी मारू नका, खालचा थर उकडलेल्या अळूच्या पानासारखा सुरकुततो.

ब्रेक, इंधन, वायरिंग

ब्रेकच्या लोखंडी नळ्या वरून ठीक दिसल्या तरी बदला. तांबं-निकेल मिश्रणाची नळी किनाऱ्यावर टिकते, शुद्ध तांब्याची नळी कंपनाने तडकते, ती नको. व्हील सिलिंडरमध्ये खड्डे पडले असतील तर नुसती रबरं बदलून भागत नाही, सिलिंडरच नवा घाला. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. ड्रममधली धूळ फुंकू नका, ओल्या चिंधीने पुसून पिशवीत बांधा. सील बंद डब्यातलं डॉट ३ ऑइलच घाला, अर्धवट उघडा डबा इथल्या हवेत पाणी पिऊन बसलेला असतो. हवा काढताना मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं असा क्रम. सांडलेलं ब्रेक ऑइल नवा रंग खातं, लगेच पाण्याने धुवा.

टाकीत मोजून वीस नट टाका, साबणाचं पाणी घाला, जोरात हलवा आणि वीसच नट बाहेर आले याची खात्री करा. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा धोक्याची, कारण स्फोट वाफेचा होतो. घरी वेल्डिंग करू नका. भोक पडलं असेल तर रेडिएटरवाल्याकडून धुऊन-उकळून डाक द्या किंवा नवी टाकी बनवून घ्या. आता पंपावर मिळणाऱ्या ई-२० पेट्रोलमधलं इथेनॉल जुन्या रबरी नळ्या आणि पंपाचा डायफ्रॅम फुगवतं, दमट हवेत पाणी ओढून टाकीच्या तळाशी वेगळंही होतं. नळ्या व्हिटॉनच्या घाला आणि गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी व कार्ब्युरेटर रिकामे करा.

कापडी वेष्टणाची जुनी वायर दुरुस्त करण्यात अर्थ नाही. हेडलाइटला २.५ चौरस मिमी, बाकी दिव्यांना १.५, बॅटरीला २५ किंवा ३५. कल्हई केलेली, म्हणजे टिनचा मुलामा दिलेली वायर बोटींच्या दुकानात मिळते, तीच घ्या. दहांतल्या आठ बिघाडांचं मूळ अर्थिंगमध्ये असतं. जिथे तार चासीला लागते तिथला रंग नाण्याएवढा खरवडा, बोल्ट आवळा, वर व्हॅसलीन थापा. जुनी गाडी ६ व्होल्टची असू शकते, १२ ची बॅटरी जोडण्याआधी बल्बवर काय लिहिलंय ते वाचा.

हौद्याच्या फळ्यांना ऐन किंवा किंजळ चालतो, सागावर खर्च करायची गरज नाही. फळ्यांमध्ये बोटाच्या नखाएवढी फट ठेवा. काजूच्या टरफलाचं तेल दोन हात दिलं तर वाळवी फिरकत नाही, पण हातमोजे घाला, कातडीवर फोड येतात. बोल्ट गॅल्व्हनाइज्ड.

रस्त्यावर आणि पावसात

पहिले दहा किलोमीटर सपाट रस्त्यावर, हातात पाना ठेवून. प्रत्येक थांब्यावर ड्रमजवळ हात नेऊन बघा, एखादं चाक बाकीच्यांपेक्षा गरम असेल तर ब्रेक धरून राहतोय. ५० किलोमीटरनंतर चाकांचे नट, पाट्यांचे यू-बोल्ट आणि हेडचे बोल्ट पुन्हा आवळा. घाट त्यानंतर, आणि तोही आधी रिकाम्या गाडीने.

मेच्या शेवटी दारांच्या आत, चासीच्या पोकळीत, फाळक्याच्या (हौद्याच्या उघडणाऱ्या बाजूच्या) दुमडीत लांब नळीने पोकळीचं मेण फवारा. एक लिटर पुरतं. जळकं इंजिन ऑइल खालून मारायची जुनी पद्धत आहे, गंज थांबतो, पण बुशांची रबरं फुगतात आणि ते विहिरीत झिरपतं. ऑगस्टमध्ये पावसाने उघडीप दिली की मेणाच्या कडा तपासा. दसऱ्याला गाडीला हार घालायच्या आधी खालून गोड्या पाण्याने धुवा, टॉर्च घेऊन आडवे पडा आणि जिथे तपकिरी ओघळ दिसेल ती जागा खडूने खुणावा. वाटीत धरलेल्या पाण्याचा टीडीएस त्या दिवशीही मोजून वहीत लिहा.